हर्पीसची रक्ततपासणी: रिपोर्टमधले आकडे नक्की काय सांगतात?

खडीसाखर

शरीरसंबंधानंतर शंका आली की बहुतेक जण लॅबच्या ॲपवरून 'एसटीडी पॅनल' बुक करून मोकळे होतात. दोन-तीन दिवसांत पीडीएफ येते, हर्पीसपुढचा एखादा आकडा ठळक छापलेला असतो आणि झोप उडते. लागण जुनी की नवी, तोंडाची की गुप्तांगाची, मुळात ती आहे तरी का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं.

इथे लॅबमधली आणि दवाखान्यातली मंडळी आहेत, म्हणून नमुन्याचे तीन रिपोर्ट मांडते. (एचएसव्ही म्हणजे हर्पीसचा विषाणू, त्याचे १ आणि २ असे दोन प्रकार. आयजीएम आणि आयजीजी म्हणजे त्याच्याविरुद्ध रक्तात बनणाऱ्या दोन तऱ्हेच्या अँटिबॉडी.)

अ) संशयित संबंधाला १२ दिवस झालेत. अंगावर काही नाही. 'एचएसव्ही १+२ आयजीएम' १.३ पॉझिटिव्ह, 'एचएसव्ही १+२ आयजीजी' निगेटिव्ह.

ब) ५ आठवडे झालेत. लक्षणं नाहीत. एचएसव्ही-१ आयजीजी चांगलंच पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी १.६, शेजारी 'पॉझिटिव्ह' असा शेरा.

क) संबंधानंतर आठवड्याभरात गुप्तांगावर दुखरे फोड आले होते. लगेच ॲसायक्लोव्हिर (हर्पीसवरचं औषध) सुरू झालं, फोड बरे झाले, स्वॅब कोणी घेतला नाही. आता १२ आठवड्यांनी दोन्ही आयजीजी निगेटिव्ह.

तिघांना काय सांगाल? आणि यातली कोणती तपासणी मुळात करायलाच नको होती?

तिसरा_डबा

तिन्ही रिपोर्ट 'मित्रांचे' असणार. या विषयावर मित्रांची संख्या फार वाढते. हलके घ्या.

खडीसाखर

नमुन्याचे आहेत असं लिहिलंय. मित्रांनी वाचावं आणि गप्प बसावं.

लॅबकोट

आकड्याआधी तपासणीचं नाव आणि त्याखालची 'मेथड'ची बारीक ओळ वाचा. निम्मा घोळ तिथेच सुटतो.

'एचएसव्ही १+२' किंवा 'एचएसव्ही १ अँड २' असं एकत्र लिहून आकडा एकच दिला असेल, तर ती तपासणी दोन प्रकारांत फरक करत नाही. लहानपणी ओठावर 'जर' (तोंडाच्या हर्पीसचे फोड) उठून गेलेल्या माणसाचीही ती पॉझिटिव्ह येणार. गुप्तांगाच्या हर्पीसबद्दल तिच्यावरून काही बोलता येत नाही.

हवी ती 'टाइप-स्पेसिफिक' आयजीजी. दोन्ही विषाणूंची बरीचशी प्रथिनं सारखी असतात. ग्लायकोप्रोटीन जी हे त्यातलं पुरेसं वेगळं, म्हणून चांगल्या किटमध्ये एचएसव्ही-१ साठी जीजी-१ आणि एचएसव्ही-२ साठी जीजी-२ वापरतात. अख्ख्या विषाणूचा अर्क वापरणाऱ्या जुन्या धर्तीच्या किटवर 'एचएसव्ही-२' असा वेगळा आकडा छापून आला तरी तो भरवशाचा नाही. बुकिंग करताना सरळ विचारा, "जीजी-२ वर आधारित आहे का?" काउंटरवर माहीत नसेल तर लॅबच्या मायक्रोबायॉलॉजिस्टशी फोन जोडून मागा.

मग आकडा. एलायझा या अँटिबॉडी मोजायच्या पद्धतीच्या सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या किटमध्ये ०.९० च्या खाली निगेटिव्ह, ०.९० ते १.०९ संदिग्ध, १.१० आणि वर पॉझिटिव्ह. हा 'इंडेक्स' आहे, म्हणजे तुमच्या नमुन्याचं रीडिंग भागिले किटच्या कटऑफचं रीडिंग. अंगात किती विषाणू आहे, आजार किती जोरात आहे, लागण कधी झाली, यांच्याशी त्याचा संबंध नाही. ८ आला म्हणून १.६ वाल्यापेक्षा पाचपट आजारी असं काही नसतं. दुसऱ्या लॅबची पद्धत सीएलआयए (प्रकाश मोजून अँटिबॉडी शोधणारी) असेल तर एककही वेगळं आणि मर्यादाही वेगळ्या. एका लॅबचा १.६ आणि दुसरीचा २.४ शेजारी ठेवून 'वाढला' असं म्हणता येत नाही.

गुलबक्षी

त्वचा-गुप्तरोग विभागातून लिहितेय. 'अ' चं उत्तर एका ओळीत: आयजीएम विसरा.

कारणं दिल्याशिवाय कोणी ऐकत नाही, म्हणून देते. पुस्तकात आयजीएम म्हणजे 'ताजी लागण'. हर्पीसमध्ये ते चालत नाही. जुना हर्पीस पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं. ते टाइप-स्पेसिफिक नसतं, त्यामुळे ओठावरचा जर आणि खालचा हर्पीस त्याला सारखेच. शिवाय कांजिण्या-नागिणीच्या विषाणूसारख्या याच कुटुंबातल्या नातेवाइकांमुळे ते खोटंही पॉझिटिव्ह येतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचना हर्पीससाठी आयजीएम करूच नका असं स्पष्ट सांगतात.

१२ दिवसांनी लक्षणं नसलेल्या माणसाचं आयजीएम १.३ आलं, तर त्यावर औषध सुरू करायचं नाही आणि जोडीदाराला जाब विचारायचा नाही. त्याच रिपोर्टमधलं निगेटिव्ह आयजीजीही त्या संबंधाबद्दल काही सांगत नाही. इतक्या लवकर ते तयारच होत नाही.

आडनावात_काय

पण आयजीएम लिहून डॉक्टरच देतात. पॅनलमध्येही ते असतंच. मग पेशंटने काय करायचं?

गुलबक्षी

"मला टाइप-स्पेसिफिक आयजीजी हवी आहे, आयजीएम नको" असं म्हणायला बंदी नाही. बहुतेक लॅब सुटी तपासणी करून देतात आणि ती पॅनलपेक्षा स्वस्तही पडते. डॉक्टरांना राग आला तर त्यांना सीडीसीचं २०२१ चं हर्पीसचं प्रकरण वाचायला सुचवा, फक्त जरा गोड आवाजात.

तिसरा_डबा

गोड आवाजात डॉक्टरांना वाचन सुचवणारा पेशंट आणि ते ऐकून घेणारे डॉक्टर, दोघांनाही भेटायची इच्छा आहे.

चैत्रपालवी

आयजीएमचा विषय निघालाच आहे तर अवांतर. आपल्याकडे हर्पीसचं आयजीएम सर्वांत जास्त वेळा होतं ते गुप्तरोगाच्या शंकेने नव्हे, तर 'टॉर्च' पॅनलमध्ये (गरोदरपणात बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या एकत्र तपासण्या). एक-दोन गर्भपात झाले की टॉर्च, गरोदरपण लागलं की टॉर्च. त्यात 'एचएसव्ही १+२ आयजीजी पॉझिटिव्ह' आलं की सासरी-माहेरी कुजबुज सुरू. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की बाईला कधीतरी, बहुधा लहानपणी, दोनपैकी कुठल्यातरी हर्पीसची लागण होऊन गेली. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण शोधायला टॉर्चचा उपयोग नाही.

गरोदरपणात खरी काळजी दुसरीच असते. प्रसूतीच्या सुमारास आईला पहिल्यांदाच गुप्तांगाचा हर्पीस झाला तर बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के. आधीपासून असेल, किंवा पहिल्या निम्म्या काळात झाला असेल, तर १ टक्क्याहून कमी, कारण आईच्या अँटिबॉडी बाळापर्यंत पोचलेल्या असतात. म्हणून आधीपासून त्रास असणाऱ्या बाईला ३६ व्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा देतात, आणि कळा सुरू होताना फोड किंवा फोड येण्याआधीची चुरचुर असेल तर सिझेरियन. नवऱ्याला हर्पीस आणि बायकोला नाही, अशी जोडी असेल तर शेवटच्या तिमाहीत संबंध टाळा असं स्पष्ट सांगावं लागतं. नवऱ्याच्या ओठावर 'जर' उठत असेल तर मुखमैथुनही नाही.

सॅक्रामेंटोकर

'ब' वर लिहितो. इकडच्या हर्पीसच्या प्रश्नांत निम्मे याच पट्ट्यातले असतात.

१.१ ते ३.० हा 'लो पॉझिटिव्ह' पट्टा. लॅबकोट यांनी सांगितलेल्या किटमध्ये एचएसव्ही-२ चे खोटे पॉझिटिव्ह बरेचसे इथे पडतात. सीडीसीने उल्लेखलेल्या एका अभ्यासात १.१ ते २.९ मधली विशिष्टता (लागण नसलेल्यांना बरोबर 'नाही' म्हणण्याचं प्रमाण) ४० टक्क्यांच्या आसपास निघाली. त्यामुळे या पट्ट्यातला आकडा निदान म्हणून घ्यायचा नाही, दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीने पडताळायचा. एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह असणाऱ्यांत एचएसव्ही-२ चा असा खोटा आकडा जास्त दिसतो, आणि 'ब' मध्ये नेमकं तेच आहे.

पडताळणीची सर्वांत पक्की तपासणी म्हणजे सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची वेस्टर्न ब्लॉट. त्यात एका प्रथिनावर न विसंबता पट्ट्यांचा अख्खा नमुना वाचतात. अमेरिकेतल्या डॉक्टरची चिठ्ठी आणली तर लॅब रक्त काढून सिरम तिकडे पाठवते. १२ आठवड्यांच्या आधी पाठवलं तर 'अनिर्णित' येऊन पुन्हा पाठवायची वेळ येऊ शकते.

लॅबकोट

भारतातून सिॲटलला सिरम पाठवणं व्यक्तिगत पातळीवर जवळपास अशक्यच समजा: थंड साखळी, जैविक नमुन्याची कागदपत्रं, तिकडच्या डॉक्टरची मागणी. इथला व्यवहार्य मार्ग असा. १२ आठवडे पूर्ण होऊ द्या. मग त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने एचएसव्ही-२ आयजीजी पुन्हा करा. खरी नवी लागण असेल तर १.६ चा आकडा तोवर चढून बहुधा ३ च्या पुढे गेलेला असतो. १.४, १.७ असा तिथेच घुटमळत राहिला किंवा खाली आला तर खोटा असण्याकडे कल झुकतो. त्यानंतरही धड कळेना, तर जीजी-१ आणि जीजी-२ च्या वेगळ्या पट्ट्या असणारा इम्युनोब्लॉट करून देणारी संदर्भ लॅब शोधायची. मोठ्या साखळी लॅबच्या 'टेस्ट डिरेक्टरी'त 'एचएसव्ही ब्लॉट' शोधा.

हा १.१ ते ३.० चा नियम एका विशिष्ट एलायझा किटच्या अभ्यासांतून आला आहे. सीएलआयएच्या रिपोर्टवर तो तसाच डकवू नका. तिथे त्या किटचा करडा, म्हणजे अनिश्चित, पट्टा कोणता हे लॅबलाच विचारावं लागतं.

साडेसात

खोटे पॉझिटिव्ह एवढे का येतात याचं थोडं गणित. किट टाकाऊ असायची गरज नाही.

समजा तपासणी ९५ टक्के खऱ्या लागणी पकडते आणि लागण नसलेल्यांपैकी ९५ टक्के जणांना बरोबर 'नाही' म्हणते. आकडे सोयीसाठी घेतलेत. १००० जणांच्या गटात १०० जणांना एचएसव्ही-२ आहे. खरे पॉझिटिव्ह ९५. उरलेल्या ९०० पैकी ५ टक्के म्हणजे ४५ खोटे. एकूण १४० पॉझिटिव्हपैकी ४५ खोटे, जवळपास तिघांत एक.

आता कमी जोखमीचा गट घ्या, जिथे १००० त २० जणांनाच लागण आहे. खरे १९, खोटे ४९. तपासणी तीच, यंत्र तेच, आणि पॉझिटिव्ह म्हणून कागद मिळालेल्यांपैकी बहुसंख्य लोक निरोगी! म्हणून 'एकदा चुंबन घेतलं होतं, खात्री म्हणून एचएसव्ही-२ करून टाकली' हा फार महागात पडणारा शौक आहे.

सॅक्रामेंटोकर

साडेसात यांना अनुमोदन. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने याच कारणासाठी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये लक्षणं नसलेल्यांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी नको असं म्हटलं. दर्जा 'डी', म्हणजे फायद्यापेक्षा तोटा जास्त.

आडनावात_काय

हे मला पूर्ण पटत नाही. 'सरसकट नको' हे ठीक. पण ज्याच्या जोडीदाराला एचएसव्ही-२ आहे हे पक्कं माहीत आहे, त्यालाही 'तपासू नका' म्हणायचं? लोकांना घाबरवण्याइतकंच त्यांना अंधारात ठेवणंही वाईट.

गुलबक्षी

नाही, तिथे तपासायचंच. सरसकट चाळणी आणि कारण असताना केलेली तपासणी वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीदाराला गुप्तांगाचा हर्पीस आहे, वारंवार फोड किंवा चिरा येतात पण स्वॅब निगेटिव्ह, किंवा फोड पाहून निदान झालं पण स्वॅब झालाच नाही, अशा वेळी टाइप-स्पेसिफिक आयजीजी कामाची आहे.

आणि ज्याला माहीत आहे की काल-परवा एचएसव्ही-२ असणाऱ्या व्यक्तीशी संबंध आला, त्याने पहिल्या आठवड्यातच एक आयजीजी करून ठेवण्यात अर्थ आहे. ती त्या संबंधाबद्दल बोलत नाही, आधीची स्थिती दाखवते. पहिल्या आठवड्यात पक्की पॉझिटिव्ह आली तर लागण जुनीच, या माणसाकडून आलेली नाही. निगेटिव्ह येऊन १२ आठवड्यांनी पॉझिटिव्ह झाली तर नवी. या जोडीशिवाय एकट्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून 'कोणाकडून' हे ठरवता येत नाही. त्यावरून लग्नं मोडतात, म्हणून हे ठासून सांगते.

आडनावात_काय

असं असेल तर हरकत मागे. पण हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं.

नाममात्र

१२ आठवडेच का? काही ठिकाणी ३ आठवडे, काही ठिकाणी १६ वाचलं.

लॅबकोट

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. साधारण निम्म्या लोकांत आयजीजी ३ आठवड्यांच्या आसपास दिसू लागतं. म्हणजे ३ आठवड्यांची निगेटिव्ह ही नाणेफेक. १२ आठवड्यांपर्यंत बहुतेकांचं दिसतं, म्हणून पुन्हा तपासायला सीडीसी ती मुदत देतं. थोड्या लोकांना १६ आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. ६ व्या आठवड्यात पॉझिटिव्ह आली तर पुढचं पाऊल उचलता येतं, निगेटिव्ह आली तर सुटका मानायची नाही.

गुलबक्षी

आता फोड असणाऱ्यांसाठी, कारण रक्ताच्या नादात हे राहून जातं. फोड, चीर, फुटलेलं पाणी, काहीही असेल तर आधी स्वॅब पीसीआर (फोडातल्या नमुन्यात विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी), रक्त नंतर. लागण झाल्यापासून फोड यायला साधारण २ ते १२ दिवस, सरासरी ४. फोड आल्यावर पहिल्या २४ ते ४८ तासांत स्वॅब घेतला तर सर्वांत चांगलं. खपली धरली की हाती काही लागत नाही.

घरून निघताना त्या जागी स्पिरिट, अँटिसेप्टिक, मलम काही लावू नका. डॉक्टर फोडाचं छत सुईने हलकेच उघडतात आणि तळाशी स्वॅब घोळवतात. वरवर पुसलेल्या स्वॅबमध्ये पेशी येत नाहीत, दुखलं नाही तर बहुधा नीट घेतला नाही असं समजा. काडी प्लॅस्टिकची आणि बोंडा पॉलिस्टर, डॅक्रॉन किंवा फ्लॉक्ड. लाकडी काडीचा कापूस किंवा कॅल्शियम अल्जिनेट नको, त्यातली द्रव्यं पीसीआरला अडथळा करतात. जिवाणूंच्या कल्चरची जेलवाली नळी चालत नाही, विषाणूंचं ट्रान्स्पोर्ट मीडियम लागतं आणि ते २ ते ८ अंशांवर ठेवायचं.

पीसीआर पॉझिटिव्ह आली की प्रकारही कळतो आणि जागाही पक्की होते. निगेटिव्ह आली तर 'या फोडात आज सापडला नाही' एवढंच. धड कातडीवर स्वॅब फिरवून शोधाशोध करू नका. आणि त्झांक स्मिअर, म्हणजे फोडाच्या तळाच्या पेशी काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं: बऱ्याच दवाखान्यांत अजून होते, हातासरशी होते, पण मोठ्या बहुकेंद्रकी पेशी दिसल्या तरी हर्पीस सिम्प्लेक्स की नागीण हे कळत नाही, आणि दिसल्या नाहीत तरी हर्पीस नाही असं म्हणता येत नाही.

तिसरा_डबा

'दुखलं नाही तर नीट घेतला नाही' हे वाक्य वाचून स्वॅबला जाणारे निम्मे परत फिरले असतील.

गुलबक्षी

त्यांना सांगा, फोडाइतकं दुखत नाही.

समुपदेशक_शेजारी

सगळे हर्पीसवर तुटून पडलेत, पण संशयित संबंधानंतर सर्वांत कमी घाई याच तपासणीची असते. घाई दुसऱ्या गोष्टींची.

एचआयव्हीची जोखीम असेल तर पीईपीच्या (संबंधानंतर लागण टाळण्याच्या) गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, आणि पुढे २८ दिवस. हे दार बंद होतं, हर्पीसचं तसं काही नाही. चौथ्या पिढीची एचआयव्ही तपासणी ४५ दिवसांनी बरीचशी निर्णायक. सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर आत्ता आणि पुन्हा ३ महिन्यांनी. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तीही लगेच. गुप्तांगावर व्रण असेल तर तो हर्पीससारखा दिसला तरी सिफिलिसची तपासणी चुकवायची नाही.

जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नॅकोची (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) 'सुरक्षा क्लिनिक' असतात, एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते. १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर माहिती मिळते. सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून रंगीत किट देतात. हर्पीससारख्या व्रणाला लाल रंगाचं किट क्रमांक ५, त्यात ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ७ दिवस.

नाममात्र

लाल किट मिळालं म्हणजे हर्पीसचं निदान झालं असं समजायचं का?

समुपदेशक_शेजारी

नाही. ते उपचारासाठी असतं, लक्षणांवर आधारलेलं. उपचार लगेच सुरू होणं चांगलंच, पण जमलं तर गोळी घेण्याआधी स्वॅब द्या. 'क' चा सगळा तिढा तिथूनच आला आहे.

लॅबकोट

'क' कडे वळू. ॲसायक्लोव्हिर किंवा त्याच्याच जातीचं व्हॅलासायक्लोव्हिर अगदी लवकर सुरू झालं तर विषाणूची वाढ दबते आणि अँटिबॉडी उशिरा बनू शकतात. म्हणून इथे १२ आठवड्यांची निगेटिव्ह जरा कच्ची धरतो. १६ आठवड्यांनी आणि मग ६ महिन्यांनी पुन्हा.

दुसरी शक्यता एचएसव्ही-१ ची. गुप्तांगाच्या हर्पीसमध्ये पहिल्या खेपेची लागण मुखमैथुनातून आलेल्या एचएसव्ही-१ ची असणं आता नवलाचं नाही, आणि एचएसव्ही-१ ची आयजीजी तपासणी त्या कामात ढिली आहे. वर उल्लेखलेल्या किटमध्ये ती सुमारे ७० टक्के लागणीच पकडते. म्हणजे दहातले तीन सुटतात. त्या मानाने एचएसव्ही-२ ची तपासणी पकडायला चांगली आणि खोटं बोलायलाही पुढे. दोन्ही आकडे एकाच कागदावर असले तरी भरवसा सारखा नाही.

गुलबक्षी

इथे मी लॅबकोट यांच्यापेक्षा वेगळं सांगेन. 'क' ला महिन्या-महिन्याला रक्त द्यायला लावू नका. फोड पुन्हा आले तर पहिल्याच दिवशी स्वॅब, एवढं सांगून घरी पाठवायचं. एचएसव्ही-२ असेल तर पहिल्या वर्षात पुन्हा यायची शक्यता भरपूर आहे. एचएसव्ही-१ खालच्या बाजूला बराच कमी वेळा उलटतो. आणि फोड हर्पीसचे नव्हतेच, हीही शक्यता उरतेच: तिथले केस काढताना झालेल्या पुळ्या, खरूज, औषधाची रिॲक्शन.

लॅबकोट

सहा महिन्यांनी एक तरी करू द्या. अनिश्चितता सहन न होणारी माणसं असतात.

गुलबक्षी

सहा महिन्यांनी एक, कबूल. दर महिन्याला नको.

चैत्रपालवी

एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह वाचून घाबरणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्के जणांना, ती आहे. एचएसव्ही-२ १५ ते ४९ वयोगटात सुमारे ५२ कोटी, १३ टक्के. एचएसव्ही-१ बहुतेकदा लहानपणी घरातच, मामा-मावशीच्या पाप्यांतून मिळते. आयजीजी पॉझिटिव्ह असल्यावर ती तोंडात आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. ओठावर 'जर' उठत असेल तर जागा कळली, नाहीतर बहुधा तोंडाचीच.

तिसरा_डबा

म्हणजे 'ब' ने जाब विचारायचा तो मावशीला.

नाममात्र

आणि एचएसव्ही-२ खरंच पक्की झाली, लक्षणं काहीच नाहीत, तर जोडीदाराला सांगायचं काय? लक्षणं नाहीत म्हणजे पसरत नाही ना?

सॅक्रामेंटोकर

पसरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचएसव्ही-२ असलेल्या लोकांचे रोज स्वॅब घेतले. लक्षणं येणाऱ्यांत सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला, कधीच लक्षणं न आलेल्यांत १० टक्के दिवशी. कमी, पण शून्य नाही. कंडोम धोका कमी करतो, झाकत नाही ती कातडी मात्र उघडी राहते. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशा १४८४ जोडप्यांवरचा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम घेतल्याने जोडीदाराला लागण होणं ४८ टक्क्यांनी घटलं. फोड किंवा चुरचुर असताना संबंध नाही.

सांगण्याआधी जोडीदाराची टाइप-स्पेसिफिक आयजीजी करून घ्या. त्यालाही आधीच एचएसव्ही-२ असली तर अर्धी चर्चा संपते.

खडीसाखर

तर 'अ' ने आयजीएम कचऱ्यात टाकून १२ आठवड्यांनी टाइप-स्पेसिफिक आयजीजी करायची. 'ब' ने तोवर थांबून त्याच लॅबमध्ये पुन्हा, आणि आकडा घुटमळला तर ब्लॉट. 'क' वर दोन तज्ज्ञांचं अर्धं भांडण मिटलंय. एक राहिलंच: १२ आठवडे कोणत्या तारखेपासून मोजायचे? मधे आणखी संबंध आले असतील तर?

लॅबकोट

शेवटच्या संशयित संबंधापासून. मधे पुन्हा तशीच जोखीम घेतली तर मोजणी पहिल्यापासून.

नाममात्र

सकाळी उपाशीपोटी जावं लागेल का?

लॅबकोट

नाही, जेवून या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त काढणाऱ्याला सांगा, काही सीएलआयए पद्धतींत त्या आकडा बिघडवतात. जास्त डोस असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. आणि नुसता 'पॉझिटिव्ह/निगेटिव्ह' असा शेरा घेऊन घरी जाऊ नका, आकडा, एकक आणि पद्धतीचं नाव छापून मागा. पुढच्या वेळी तुलना करायची ती त्यांच्यावरूनच.